थोड्या वेळानं या

दस्तगीरचाचा दुकानात येतात ते लाकडाचा भुसा घेऊनच.
भुवयांवर, बंडीच्या खिशात, कधी की-बोर्डवरही.
मिरजेत, सतारवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाला
माझं झेरॉक्सचं दुकान: एक मशीन, एक कॉम्प्युटर,
आणि चाचांचा ईमेल, ज्याचा पासवर्ड
मलाच तेवढा पाठ.

“लिही. बाई, तंबोरा तयार हाय.
भोपळा भीमेकाठचा, लाकूड तुणाचं.
तारा तेवढ्या चढवायच्या.
सूर कुठला ठेवू, काळी चार का पांढरी पाच?
एवढं कळवा, म्हंजी जवारी काढतो.”
बाई लिस्बनच्या. तेरेझा.
मी इंग्रजी करत गेले, जवारीपाशी अडले,
जवारी तशीच ठेवली.

बटण दाबलं. मेल गेला.
“कुठनं गेला?”
चाचा खांबावरच्या वायरींकडं बघत होते.

गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सांगत बसले.
पत्त्यात तो वेटोळ्यातला ए असतो ना,
त्याच्या उजवीकडचं आधी वाचतात. आधी गाव, मग माणूस.
आणि त्या गावची डाक घेतं कोण, हे विचारत जावं लागतं.
त्याची वही आहे, पण सगळी कुणाकडंच नाही.
ह्याला विचारलं की तो त्याच्याकडं बोट दाखवतो,
तो आणखी पुढच्याकडं.
“आपल्या गल्लीवानीच की.”

मग पत्राचे तुकडे. प्रत्येकावर नंबर.
पुण्यावरनं, मुंबईवरनं, ज्याला जी वाट मोकळी ती.
एखादा हरवला तर तो तेवढा परत पाठवायचा.
पुढं समुद्राच्या तळाशी केसाएवढी काच,
तिच्यातून लुकलुकत उजेड जातो.
चाचांनी हवेत बोट फिरवलं, तार छेडल्यासारखं.
“आवाज?”
नाही. आवाज नाही.
“मग कसली तार ती,” म्हणाले,
पण स्टूल जवळ ओढलं.

पलीकडं दारात मशीनला मशीन भेटतं.
नमस्कार, मी अमक्या गावचा.
बोला.
कुणाकडनं आलाय? कुणाला भेटायचंय?
मग मजकूर,
आणि शेवटी एका ओळीवर नुसता एक टिंब.
टिंब दिला की बोलणं संपलं.
“माणसांस्नी जमत न्हाई ते,” चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक मेल आला, कुणाच्याच नावाचा नाही.
अजून पोचलेला नाही. प्रयत्न चालू आहेत.
चाचांचा चेहरा उतरला. पत्ता चुकला? बाई गेल्या?
नाही हो. तिथलं दार
अनोळख्याला पहिल्या खेपेला आत घेत नाही.
थोड्या वेळानं या म्हणतं.
भामट्याला शंभर दारं ठोठवायची असतात, तो काही परत फिरत नाही.
काम असलेला येतो.

चाचा कितीतरी वेळ गप्प.
मग त्यांचं हसू भुश्यातनं वर आलं.
“पोरी, माझा बाप हेच करायचा.
नवं पोरगं तंबोरा मागाय आलं की
तयार असला तरी म्हणायचा, न्हाई झाला, बेस्तरवारी ये.
निम्मी येतच न्हवती.
जी आली, त्यांचे तंबोरे
अजून दुरुस्तीला माझ्याकडं येत्यात.”

तिसऱ्या दिवशी उत्तर. दोन ओळी.
काळी चार.
आणि जवारी म्हणजे काय?

मी की-बोर्डवर बोटं ठेवली, उचलली.
घोडी, तिचा तासलेला उतार,
तार तिला टेकते न टेकते तिथं
स्वर उमलतो ते.
किती शब्द टाकले, तितके खोडले.
पडद्यावर ती उभी रेघ पापणीसारखी उघडझाप करत राहिली.

चाचांनी बंडीच्या खिशात हात घातला.
भुसा, अडकित्ता, आणि तारेखाली सरकवायचा
सुताचा दोरा, वीतभरही नसेल.
माझ्या टेबलावर ठेवला, कॉम्प्युटरकडं बघत म्हणाले,
“ह्यो जातोय का बघ त्याच्यातनं.”